केयी म्हटलं की ॲप थांबतं

आमच्या शाळेतला टीव्ही गावाने वर्गणी काढून घेतलाय. 2015 नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाच्या दिवसांत शाळा डिजिटल करायची लाटच आली होती, तेव्हाचा. कापसाचे पैसे हातात आले होते म्हणून लोकांनी सढळ हाताने दिले. मी या शाळेत नंतर आले. अमळनेरहून रोज येऊन-जाऊन करते. पहिली ते चौथी, पट 41, आम्ही दोन शिक्षक. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या नियमात 60 पटापर्यंत दोनच बसतात, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. सर मीटिंगला गेले की चारही वर्ग माझेच.

टीव्हीचा खरा उपयोग अशा दिवशी होतो, हे मी कुठल्याही प्रशिक्षणात बोलणार नाही, पण इथे लिहायला हरकत नाही. तिसरी-चौथीला व्हिडिओ लावून दिला की अर्धा तास मला पहिलीची पोरं मिळतात. वर्ग गप्प बसतो. भेटीला येणाऱ्या साहेबांना तो गप्पपणा फार आवडतो. मला विचाराल तर शिकणाऱ्या वर्गाचा थोडा तरी गलका होतो.

तरी टीव्हीला मी नावं ठेवणार नाही. समुद्र, बर्फ, रेल्वेचा बोगदा मी फळ्यावर किती काढणार? तापीच्या पलीकडे फारसं न गेलेल्या पोरांनी भरती-ओहोटी पाहिली तेव्हा एकाने विचारलं होतं, ‘मॅडम, ते पाणी रातले कोठे जास?’ ते पाणी रात्री जातं कुठे, हे त्याला माझ्या फळ्यावरून सुचलं नसतं.

बाकी अडचणी सगळ्यांना ठाऊक आहेत. लाईट नसते. असली तर खिडकीतून ऊन येतं आणि टीव्हीत आमचेच चेहरे दिसतात. खिडक्या लावाव्यात तर वर पत्रे आहेत, एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेतही साडेनऊनंतर बसवत नाही. रेंज ओट्यावर येते, वर्गात येत नाही. म्हणून पुस्तकातले क्यूआर कोड मी रात्री घरी स्कॅन करून ‘दीक्षा’ या सरकारी ॲपवरचे व्हिडिओ उतरवून ठेवते. वीजबिल शाळा अनुदानातून भरायचं. आमच्या पटाच्या शाळेला नियमाने वर्षाला 25,000 रुपये मिळतात, पण त्यातच खडू, रंग, नळाची तोटी, झाडू आणि गॅदरिंगचा मंडपसुद्धा बसवायचा असतो.

पण माझा दिवस खातो तो टीव्ही नाही, माझ्या पर्समधला फोन. रोज पोषण आहाराची नोंद: किती जेवले, किती तांदूळ लागला. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, हा हिशेब आता झोपेतही येतो. मग हजेरी. मग ग्रुपवर ‘अतितातडीचे, दुपारी 2 पर्यंत’. माहिती तीच, रकाने नवे. वृक्षारोपणाचे फोटो, हात धुण्याचे फोटो, वाचन दिनाचे फोटो. वाचन दिनाला फोटो काढता काढता वाचायला वेळ उरत नाही, आणि यात मी काडीचीही अतिशयोक्ती करत नाहीये.

आता वाचनाचं. लहान मुलांना वाचता यावं, आकडेमोड यावी यासाठीचं केंद्राचं ‘निपुण भारत’ अभियान 2021 च्या जुलैत सुरू झालं. तिसरीच्या शेवटी मुलाने मिनिटाला 60 शब्द समजून वाचावेत, दुसरीला 45 ते 60. उद्दिष्ट चांगलं आहे, ‘समजून’ हा शब्द त्यात आहे म्हणून तर फारच चांगलं. तपासताना मात्र घड्याळच पुढे येतं.

मुलाचं वाचन ऐकून चुका दाखवणारं एक ॲप आम्ही काही दिवस वापरलं. नाव सांगत नाही. दुसरीतली एक मुलगी, घरी पक्की अहिराणी, आमची खानदेशी बोली. वाक्य होतं ‘केळीच्या बागेत पाणी आले.’ तिने वाचलं, ‘केयीना बागमा पानी उनं.’ ॲप थांबलं. तिने परत तेच वाचलं, जरा जोरात. ॲप अजूनही ‘केळीच्या’वरच. ती माझ्याकडे बघायला लागली.

पोरीने अक्षरं ओळखली, अर्थ घेतला आणि वाचता वाचता त्याचं आपल्या बोलीत भाषांतरही केलं. मला विचाराल तर समजून वाचणं ते हेच. आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. त्यात चूक काही नाही. पुस्तकातली मराठी तिला यायला हवी हेही खरंच, पण ती हळूहळू येते, आणि पोरगी तोंड उघडत असेल तरच येते. दोन-तीन वेळा असं अडलं की गरीब स्वभावाचं पोर वाचायचंच सोडून देतं.

म्हणून मी ॲप बाजूला ठेवलं आणि फोनमधला साधा रेकॉर्डर काढला. एकेकाला ओट्यावर नेते, चार ओळी वाचून घेते आणि लगेच ऐकवते. मी काहीच बोलत नाही. त्या मुलीने पहिल्यांदा स्वतःला ऐकलं तेव्हा फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला, दातांत वेणीचं टोक. ‘हाऊ मना आवाज शे?’ मग पुस्तकावर बोट ठेवून परत ऐकलं. ‘केळी’पाशी बोट थांबलं, ओठ हलले. ‘मॅडम, आखो एकदाव वाचस.’ यावेळी ‘केळीच्या’ म्हणाली, पुढे ‘बागमा’च. मी चालवून घेतलं. बाकीचं पुढच्या आठवड्यात.

याला ना रेंज लागते ना लाईट. वेळ मात्र लागतो, पोरामागे पाच मिनिटं, आणि ती नेमकी दुपारी दोनच्या माहितीत जातात.

गणितात तर मी आणखी मागे गेले आहे. दिवाळीनंतर कापसाची वेचणी संपत आली की पोरं शेतातून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या काड्या आणतात, आम्ही दहा-दहाचे गठ्ठे सुतळीने बांधतो. संख्यांच्या गाण्याचा व्हिडिओ पोरांना तोंडपाठ आहे, ठेक्यात शंभरपर्यंत जातात. मधेच 47 दाखवायला सांगितलं की नजर छताकडे. चार गठ्ठे आणि सात सुट्या काड्या हातात दिल्या की चटकन कळतं. वेचणीच्या दिवसांत निम्मी पोरं आईबरोबर शेतात असतात, ती परत आली की गठ्ठे पुन्हा सोडायचे, पुन्हा बांधायचे. गाणं त्यांच्यासाठी थांबलेलं नसतं.

मागच्या महिन्यात सरपंच आबा आले होते. म्हणाले, ‘मॅडम, औंदा थोडा निधी आहे, शाळेला टॅब घेऊ का?’ मी म्हटलं, ‘आबा, टॅब राहू द्या. इन्व्हर्टरची बॅटरी गेलीय, ती द्या. खिडक्यांना जाड पडदे द्या. आणि ऑनलाईनची कामं करायला गावातलं एखादं शिकलेलं पोरगं आठवड्यातून दोन दिवस दिलंत तर फार बरं होईल.’

आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. पडद्यांना लगेच हो म्हणाले. पोराचं बघू म्हणाले. बॅटरीपाशी मात्र अडले. ‘बॅटरीना फोटू काय काढाना, मॅडम?’

मी म्हटलं, फोटो मी काढते, तुम्ही तिच्या शेजारी उभे राहा. हसले. अजून बॅटरी आलेली नाही, पण कोटेशन मागवलंय असं शिपायाकडून कळलं.