पातळ तळव्याचे बूट आणि माझ्या पोटऱ्या

यवतेश्वरचा घाट चढताना दम लागतो, गुडघा मात्र उतरताना दुखतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉन केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. २०१२ साली सुरू झालेल्या या शर्यतीचा पहिला निम्मा रस्ता चढ, आणि वळसा घेतला की तोच रस्ता उतार. चढावर सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असतो आणि उतार लागला की सगळे टाचा धाडधाड आपटत सुटतात. मीही त्यातलीच. शर्यतीनंतर उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली कळ यायची, जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. मग महागातले, जाड गादीचे बूट घेतले. पायाला छान मऊ लागले. दुखणं होतं तिथेच राहिलं.

फिजिओथेरपिस्टने मला पळायला लावून मोबाइलवर चित्रण केलं आणि संथ करून दाखवलं. पाय शरीराच्या बराच पुढे पडतोय, गुडघा जवळजवळ ताठ, आणि जमिनीला आधी टाच टेकतेय. घड्याळाच्या हिशेबाने मिनिटाला साधारण १६० पावलं. "ताई, बुटाचं नंतर बघू, आधी पावलं लहान करा," तो म्हणाला. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं होतं की वेग तोच ठेवून पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, तरी गुडघ्यावरचा भार कमी होतो. ऐकायला सोपं आहे. करायला गेलं की दोन मिनिटांत लक्ष दुसरीकडे जातं, घरी डबा काय करायचा इथपर्यंत पोचतं, आणि पाय सवयीने पुन्हा लांब पडायला लागतात.

अनवाणी धाटणीच्या बुटांत मला रस वाटला तो या कारणाने. नेहमीच्या धावायच्या बुटात टाचेखाली तीनेक सेंटिमीटर फोम असतो आणि टाच चवड्यापेक्षा आठ ते बारा मिलिमीटर उंच असते. या बुटांत टाच आणि चवडा एका पातळीत, खाली फक्त चार-पाच मिलिमीटर रबर, आणि पुढे बोटं पसरतील एवढी रुंदी. टाच आपटली की ठणका थेट वर जातो. म्हणजे पावलावर लक्ष ठेवायचं काम माझ्याऐवजी बूट करणार, असा माझा हिशेब.

घ्यायच्या आधी एक उद्योग केला, तो कुणीही घरी करावा. वर्तमानपत्रावर उभं राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवली आणि जुन्या बुटातला आतला तळ काढून त्या आकृतीवर ठेवला. करंगळीची बाजू पूर्ण बाहेर, अंगठ्याचीही थोडी. मग गंमत म्हणून आईलाही कागदावर उभं केलं. आईचं सगळं आयुष्य पाटण तालुक्यात, शेतात गेलेलं. तिची बोटं एकमेकांना टेकतसुद्धा नाहीत, अंगठा आणि शेजारच्या बोटात माझी करंगळी सहज बसेल एवढी फट. सत्तरी ओलांडली तरी उकिडवी बसून तासभर शेंगा फोडते आणि टाच जमिनीवरून उचलत नाही. मी तशी बसले तर टाचा वर येतात, किंवा मी मागे पडते. टाचेच्या चपला आणि दिवसभराची खुर्ची यांनी माझ्या पोटऱ्या आखडल्या आहेत, हे तिथेच कळलं. बूट घालण्याआधीच.

आईच्या पावलांचं मला कौतुक वाटलं तेव्हा एक जुना भारतीय अभ्यास वाचनात आला. मणिपालच्या दोन डॉक्टरांनी १९९२ साली २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलं ८.६ टक्के, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के. आणि पायात घालणाऱ्यांतही, पुढून बंद बूट वापरणाऱ्यांत हे प्रमाण जास्त, चपला-सँडलवाल्यांत कमी. पण ती मुलं होती, वाढत्या वयातली. माझी पावलं पंचेचाळिशीची.

जगात या प्रकाराची लाट आली ती २०१० च्या सुमारास. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी त्या वर्षी 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात दाखवलं की केनियातले लहानपणापासून अनवाणी धावणारे बहुतेक वेळा चवड्यावर किंवा पूर्ण पावलावर उतरतात, आणि टाचेवर उतरल्यावर जो एकदम धक्का बसतो तो त्यांना जवळजवळ बसतच नाही. लोकांनी त्याचा अर्थ काढला की बूट फेका, दुखापती संपल्या. पाच बोटांचे वेगळे कप्पे असलेले व्हायब्रम कंपनीचे बूट तडाखेबंद खपले. मग २०१३ साली अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा अभ्यास आला: दहा आठवड्यांत हळूहळू या बुटांवर आलेल्या १९ धावकांपैकी १० जणांच्या पावलाच्या हाडांत एमआरआयमध्ये सूज वाढलेली दिसली. २०१४ साली, आरोग्याचे फायदे पुराव्याशिवाय सांगितले म्हणून झालेल्या कोर्टातल्या दाव्यात, व्हायब्रमने चूक कबूल न करता ३७.५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. लाट ओसरली. आता उलटी हवा आहे. रस्त्यावरच्या शर्यतींत तळवा ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको, असा नियम अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनेला २०२० साली करावा लागला.

अनवाणीच्या भक्तांना १९६० च्या रोम ऑलिंपिकमधला इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला फार आवडतो. अनवाणी धावून मॅरेथॉनचं सुवर्ण, त्या काळची जगातली सर्वोत्तम वेळ. तोच बिकिला १९६४ साली टोकियोत बूट घालून धावला, आणि पुन्हा जिंकला, तेही आणखी वेगात. हे दुसरं वाक्य बहुतेक वेळा गाळलेलं असतं.

हे सगळं वाचून मी बूट घेतले आणि पहिले काही आठवडे त्यांत धावलेच नाही. आपल्याकडे घरात अनवाणीच वावरतो, तेवढी एक सोय. त्यामुळे आधी बाजारहाट, भाजी, बँक, सगळं या बुटांत. चालतानाही टाच कशी आपटतो ते ऐकू येतं. पहिल्या दिवसांत फरशीवरून जाताना मला माझाच आवाज येत होता.

सोबत व्यायाम. जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवायचे, टाचा हवेत, आणि टाच अगदी सावकाश पायरीच्या खाली सोडायची. आधी दोन्ही पायांवर, नंतर एकेका. दुसरा व्यायाम दिसायला पोरखेळ आहे: चारही बोटं जमिनीला चिकटलेली ठेवून फक्त अंगठा उचलायचा. मी खाली बघतेय, डोकं हुकूम देतंय, अंगठा ढिम्म. हातानं उचलून दाखवला तरी त्याला कळेना. मग उलट, अंगठा खाली आणि चार बोटं वर. डाव्या पायाला लवकर जमलं, उजव्याने बराच काळ दाद दिली नाही. दुखणारा गुडघाही उजवाच. यातून काही सिद्ध होत नाही, पण मी नोंद केली.

धावायला सुरुवात केली ती नेहमीच्या धावण्याच्या शेवटी, मैदानाच्या मातीवर, बूट बदलून, फक्त एक फेरी. धावताना स्वर्ग. पाय हलके, पावलं आपोआप लहान, घड्याळात १७० च्या वर. वाटलं, उगाच घाबरवतात लोक. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या जरा ताठ. तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठताना ओरडले. टाचेऐवजी चवड्यावर उतरलं की गुडघ्याचा भार नाहीसा होत नाही, तो पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर, म्हणजे पोटरीला टाचेशी बांधणाऱ्या दोरीवर, जातो, हे वाचलं होतं. आता पाठ झालं. घरी भारतीय पद्धतीचा संडास आहे, त्यामुळे त्या आठवड्याचं अधिक वर्णन करत नाही.

मग पोटऱ्या पूर्ण मोकळ्या झाल्याशिवाय पुढची फेरी नाही, एवढा एकच नियम ठेवला. आठवड्याला अमुक टक्के वाढवा वगैरे तक्ते मिळतात, मी ते ठेवून दिले. पोटरी दाबून बघायची, पायरीवर टाच सोडून बघायची, दुखलं तर जाड बूट. यात अख्खा उन्हाळा गेला.

खरी भीती एकदाच वाटली. पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या रेषेत, दुखायला लागलं. पोटरीचं दुखणं आणि हे यात फरक आहे: पोटरी धावून गरम झाली की मोकळी होते, हाडाचं दुखणं धावताना वाढत जातं. आणि या बुटांत हाडाला बारीक चीर जाण्याची जागा नेमकी हीच. अस्थिरोगतज्ज्ञांनी एकेक हाड बोटाच्या टोकाने दाबून पाहिलं, एका पायावर उड्या मारायला लावल्या. एकाच बिंदूवर दुखतंय का, हे ते पुन्हा पुन्हा विचारत होते. तसं नव्हतं, रेषेत दुखत होतं, वरची शीर सुजली होती. "चीर असती तरी सुरुवातीला एक्स-रेत दिसली नसती," ते म्हणाले, "कमी नाही झालं तर एमआरआय करू." कमी झालं. तोवर ते बूट कपाटात.

रस्त्यांचं सांगते, कारण परदेशातल्या सल्ल्यात हे नसतं. माती आणि मुरूम उत्तम. गुळगुळीत डांबर आश्चर्यकारकरीत्या चांगलं, कारण पाऊल कुठे पडणार याची खात्री असते. सुटी खडी म्हणजे शिक्षा. अजिंक्यताऱ्यावरच्या पायवाटेने गेले तेव्हा बाभळीचा काटा रबर भेदून आत आला आणि मी झाडाला धरून, एका पायावर उभी राहून, नखांनी तो उपसत बसले. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर डांबर तळव्याला चटके देतं. पावसात शेवाळलेल्या दगडांवर हे बूट घालूच नयेत. आणि साताऱ्यात पाऊस म्हणजे चार महिने.

लोकांचं वेगळंच. साताऱ्यातल्या 'चार भिंती' स्मारकाकडे फिरायला येणारे एक आजोबा रोज विचारायचे, "आज मोज्यांवरच का?" किंमत सांगितल्यावर म्हणाले, "आम्ही शाळेत अनवाणीच पळायचो, पण त्याचे कुणी पैसे नाही घेतले." आईने तर माझा पायरीवरचा व्यायाम बघून बारामतीच्या लता करेंची आठवण काढली. नऊवारीत, अनवाणी धावून जिंकलेल्या. "त्या माउलीनं कुठं एवढा अभ्यास केला हुता?" मी म्हटलं, आई, त्यांची पावलं तुझ्यासारखी आयुष्यभर तयार होत होती. तिला ते पटलं नाही. माझी पावलं मी घालवली, हे मात्र तिला लगेच पटलं, टाचेच्या चपला ती कॉलेजपासून बघतेय.

हिल मॅरेथॉनला मी हे बूट घातले नाहीत. २१ किलोमीटरांत निम्मा डांबरी उतार माझ्या पोटऱ्यांच्या आवाक्यातला नाही, अजूनही नाही. मध्यम गादीचे, टाच-चवड्याच्या उंचीत चार मिलिमीटर फरक असलेले बूट घेतले आणि उतारावर पावलं लहान ठेवली. यावेळी टाचा आपटल्या नाहीत. गुडघा कुरकुरला, पण कठडा धरावा लागला नाही. हे श्रेय बुटांचं, पायरीवरच्या व्यायामाचं, की फिजिओथेरपिस्टच्या पहिल्या वाक्याचं? माझा कौल शेवटच्या दोघांना. बूट फक्त आठवण करून देतो, आणि तेवढ्यासाठी आठवड्यातून एकदा, मातीवर, तीन-चार किलोमीटर मी ते घालते. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, किंवा टाचेमागची शीर आधीच दुखतेय, त्यांनी मात्र या फंदात पडू नये. डॉक्टरांनीही मला हे बजावून सांगितलं.

परवा चवड्याखालचं रबर झिजून कापड दिसायला लागलं. टाचेचं जवळजवळ नवं आहे. राजवाड्याजवळ चपला दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेले. त्यांनी बूट उलटा केला, वाकवला, आतून हात घालून पाहिलं.

"ताई, याचा तळ कुठं पडला?"

"असाच येतो, काका. पातळच पट्टी लावा."

"चांगली जाड लावतो की, तेवढ्याच पैशात."

बराच वेळ हुज्जत घातल्यावर पातळ पट्टी लावून घेतली. पैसे त्यांनी जाड पट्टीचेच घेतले.