रात्री दहाला बंद पडणारा कॉम्प्युटर

थोरली सांगलीला इंटिरिअर डिझाइन शिकते. दुसऱ्या वर्षापासून तिला ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये खोल्या उभ्या करून त्यांची रेंडर केलेली, म्हणजे कॉम्प्युटरनं उजेड-सावलीचा हिशेब करून रंगवलेली चित्रं द्यावी लागतात. घरचा कॉम्प्युटर कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, रिफर्बिश्ड म्हणून घेतलेला. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह ६५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, आणि ग्राफिक्स प्रोसेसरच्याच पोटातलं. एका स्वयंपाकघराच्या चित्राला ५० मिनिटं लागायची. दिव्याची जागा जरा हलवली की परत ५० मिनिटं. रात्री दोन-दोनपर्यंत ती जागताना बघून मीच म्हणालो, वेगळं ग्राफिक्स कार्ड घालू.

मी वायरमन. ३१ वर्षं लाइनवर काढली, आता घरी आहे. कॉम्प्युटरचं शिक्षण नाही, पण वॉट आणि अँपिअर कुठंही सारखेच. डबा उघडून आधी पॉवर सप्लायचं लेबल वाचलं. २४० वॉट. सगळ्या लाइनी १२ व्होल्टच्या, ५ आणि ३.३ व्होल्टचा पत्ताच नाही. ते काम मदरबोर्ड स्वतः करतो. मदरबोर्डला जाणारा प्लगही बाजारात मिळणाऱ्या २४ पिनांचा नाही, कंपनीचा स्वतःचा. म्हणजे हा सप्लाय बदलायचा झाला तर बाजारातला दुसरा सरळ बसणार नाही. आणि कार्डासाठी वेगळी ६ पिनांची वायर यात मुळीच नव्हती.

ज्या दुकानात गेलो तिथं मोठं कार्ड दाखवलं आणि वायर नसेल तर हार्डडिस्कच्या साटा वायरीवरून ६ पिन काढून देणारं अडॅप्टर पुढं केलं. मी नको म्हटलं. साटा प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, एका पिनेला दीड अँपिअर. तीन गुणिले दीड गुणिले बारा, झाले ५४ वॉट. ६ पिनांवरून कार्ड ७५ वॉटपर्यंत ओढू शकतं. पातळ वायरीवर जादा लोड टाकला की प्लगाचं काय होतं ते मी जळालेल्या बोर्डांवर आयुष्यभर बघितलंय. हे अडॅप्टर कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका.

मदरबोर्डवरच्या ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसतं, त्या स्लॉटमधूनच कार्डाला ७५ वॉटपर्यंत मिळतात. म्हणून तेवढ्यावरच चालणारं कार्ड घेतलं: एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५०, ४ जीबीचं. याच नावाची काही कार्डं ६ पिनांची वायर मागतात, त्यामुळं खोका उघडून कार्डाची कड बघितल्याशिवाय पैसे दिले नाहीत. हिशेब असा मांडला: प्रोसेसर ६५, कार्ड ७५, बाकी सगळं धरून ४०. एकूण १८०. २४० मध्ये बसतंय.

बसवायला दहा मिनिटं लागली. चालू केला, पंखे फिरले, मॉनिटर काळा.

आमचा मॉनिटर जुना, त्याला फक्त निळी व्हीजीए वायर. कार्ड घातल्यावर या मशीनचं मदरबोर्डवरचं व्हीजीए आपोआप बंद होतं, तर नव्या कार्डाला व्हीजीए नाहीच. डीव्हीआय, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. दुकानातून आणलेलं डीव्हीआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लावायला गेलो तर शिरेना. नीट बघितलं तेव्हा कळलं. कन्व्हर्टरच्या चपट्या पट्टीभोवती चार बारीक पिना आहेत आणि कार्डाच्या सॉकेटमध्ये त्या चार पिनांची भोकंच नाहीत. व्हीजीएचा अ‍ॅनालॉग सिग्नल त्याच चार पिनांतून येतो. एनव्हिडियाने २०१६ मध्ये आलेल्या कार्डांपासून तो सिग्नल देणंच बंद केलंय. फोनवर दुकानदार म्हणाला, पिना कापून टाका, बसेल. बसेल हो, पण त्यातून येणार काय? सिग्नल बदलून देणारं, आत चिप असलेलं एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर आणलं आणि चित्र आलं.

त्यानंतर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं, तरी रेंडरला तेवढीच ५० मिनिटं. थोरलीचा चेहरा उतरला. हे मात्र तिनंच शोधलं. ब्लेंडर आपण होऊन कार्ड वापरत नाही. प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमच्या पानावर सायकल्सचं, म्हणजे ब्लेंडरच्या रेंडर करणाऱ्या इंजिनाचं डिव्हाइस निवडावं लागतं, आणि रेंडरच्या सेटिंगमध्ये सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) जागी जीपीयू (कार्ड) करावं लागतं. तेच चित्र १२ मिनिटांत झालं. त्या रात्री तिनं एका चित्रात सात वेळा ऊन बदलून बघितलं.

तिसऱ्या दिवशी रात्री हाक आली, "आबा, बंद पडला."

रेंडर चालू असताना खटकन बंद. निळा पडदा नाही, सूचना नाही. परत चालू केला, चालला. दुसऱ्या रात्री तेच. ज्याला विचारावं तो एकच सांगे, पॉवर सप्लाय कमी पडतोय. मलाही पटत आलं होतं, पण मोजल्याशिवाय कशाला बदलायचं? एक हातभर एक्स्टेंशन बनवलं, त्याची फेजची वायर सुटी काढली आणि क्लॅम्प मीटर लावला. नुसता चालू असताना ४५ वॉटच्या आसपास, रेंडरला १४०. सप्लायच्या प्लगमध्ये मल्टिमीटरच्या काड्या घालून १२ व्होल्टची लाइन बघितली: रेंडर चालू असतानाही १२ च्या खाली नाही. ११.४ च्या खाली गेली असती तर सप्लायला दोष दिला असता. कार्ड ६८ अंशांवर. रॅम काढून पुसून बसवली. मग ड्रायव्हर मुळापासून काढून नवा टाकला.

आणि चार दिवस काही झालं नाही. मी निर्धास्त झालो, थोरलीनं मैत्रिणींना ड्रायव्हरचा दोष होता म्हणून सांगूनही टाकलं. पाचव्या रात्री परत बंद. दोन दिवसांवर तिचं सबमिशन. त्या रात्री ती रडली आणि मला झोप लागली नाही.

पहाटे उठून विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद सगळे बघतात, पण ती मशीन पुन्हा चालू झाल्यावर पडते. खाली ६००८ नंबरची नोंद असते, तिच्यात आधीचं बंद पडणं किती वाजता झालं ते लिहिलेलं असतं. मी सगळ्या वेळा कागदावर उतरवल्या. १० वाजून १ मिनिट. १० वाजून २. १० वाजून १. १० वाजून ४. सगळ्या रात्रीच्या.

तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. रात्री दहा ही आमच्याकडं शेतातल्या पाण्याच्या मोटारींना लाइट यायची वेळ. तासगावच्या बाजूला आमची वस्ती मळ्यात आहे, घरं आणि द्राक्षबागांच्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर. थ्री फेज आठवड्यातले काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री दहाला. मधले चार दिवस ती दिवसाची होती, तेव्हा थोरली कॉलेजात आणि कॉम्प्युटर बंद. ड्रायव्हरचा काही संबंधच नव्हता.

सगळ्या मोटारींना ऑटो, म्हणजे आपोआप चालू करणारे स्टार्टर बसवलेत. लाइट आली की सहाच्या सहा एकदम सुरू होतात, आणि मोटार उठताना तिच्या नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट ओढते. त्या रात्री दहाला मी बोर्डाजवळ मीटर धरून उभा राहिलो. २२२ वरून व्होल्टेज १६० ला आलं, काही सेकंद तिथंच घुटमळलं, मग हळूहळू १९५ ला चढलं. कॉम्प्युटर ज्याला जोडलेला होता त्या यूपीएसनं टिक केलं आणि कॉम्प्युटर गेला.

हा टिक आवाज आम्ही कायमच ऐकत होतो. यूपीएसच्या पाठीवर १६५ ते २८० व्होल्ट लिहिलंय. त्याच्या खाली आलं की तो बॅटरीवर जातो. वर्षभर रात्रीच्या पाळीत दहाला तो जात होता आणि परत येत होता, कारण ४५ वॉटला बॅटरीतून जेमतेम ४-५ अँपिअर लागायचे. आता रेंडर चालू असताना १४० वॉट, म्हणजे यूपीएसमध्ये वाया जाणारं धरून १२ व्होल्टवर जवळजवळ १४ अँपिअर. बॅटरी १२ व्होल्ट ७ एएचची, किती वर्षांची ते लेबलही वाचता येईना. सुटी काढून मोजली तर १२.६ दाखवायची, ठणठणीत वाटावी अशी. गाडीच्या हेडलाइटचा बल्ब लावला आणि बघता बघता ९ वर आली. बॅटरी लोड लावूनच तपासायची, हे मी नव्या पोरांना कितीतरी वेळा सांगितलंय.

खात्रीसाठी दुसऱ्या रात्री यूपीएस काढून कॉम्प्युटर सरळ भिंतीच्या सॉकेटला लावला. सप्लायच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट आहे, तेव्हा १६० नं त्याचं काही बिघडू नये. व्होल्टेज पडलं की असा सप्लाय बल्बासारखा मंद होत नाही, तेवढेच वॉट मिळवायला जास्त करंट ओढतो. क्लॅम्प मीटरवर तेच दिसलं. दहाला घरातला जुना पिवळा बल्ब मिणमिणला, पंखा हळू झाला, मीटरवरचा आकडा ०.६ वरून ०.९ ला गेला आणि रेंडरची पट्टी पुढं सरकत राहिली. थोरली माझा हात घट्ट धरून उभी होती.

यूपीएसला नवी बॅटरी घातली. सबमिशन वेळेत गेलं.

पण डीपीवर १६० व्होल्ट म्हणजे मोटारींचीही वाइंडिंग तापतात, ते मला बघवेना. ऑटोमध्ये उशिरानं सुरू करायचा टायमर असतो, सगळ्यांचा तो शून्याच्या जवळ होता. रविवारी बांधाबांधानं फिरून पाच ऑटो लावून आलो: एक मिनिट, दोन मिनिटं, तीन, चार, पाच. सहावे अण्णा लेकीकडं पुण्याला गेलेत, त्यांच्या पेटीला कुलूप. तरी काल रात्री दहा वाजता व्होल्टेज आधीसारखं कोसळलं नाही आणि यूपीएस टिक झाला नाही. अण्णा बुधवारी येतायत, त्यांची मोटार सहा मिनिटांवर लावणार आहे.