परसात सांगा की, ताई!

२२ मार्च, जागतिक जलदिन. औरंगाबादेत (तेव्हा शहराचं नाव हेच होतं) पाण्यावर बोलायला याहून टोचणारा मुहूर्त सापडला नसता. ऊन चाळिशीकडे निघालेलं, विद्यापीठामागचे डोंगर करपलेले. अशात आम्ही भूशास्त्राची पोरं इस्त्रीचे कपडे घालून घाम पुसत सभागृहात बसायचो. प्रत्येकाला दहा मिनिटं. आठव्याला सर टेबलावर पेन वाजवायचे, दहाव्याला शिपाईमामा सरळ दिवे लावायचे. पडद्यावरचा नकाशा पुसट झाला की संपलं भाषण.

निम्मी भाषणं आता आठवत नाहीत. फ्लोराइड, नायट्रेट, उपग्रहाची चित्रं, आणि शेवटी 'अधिक अभ्यासाची गरज आहे' हे सगळ्यांचं सारखंच. माझं पहिलं मात्र पाठ आहे. गंगापूर तालुक्यातल्या विहिरींत टेप सोडून पातळ्या मोजल्या होत्या. मोठ्या ऐटीत म्हणाले, "पाणी ११.४ मीटरवर." मागच्या रांगेतून आवाज आला, "परसात सांगा की, ताई!"

त्यातल्याच एका विहिरीचे मालक. मॅडमनी मुद्दाम बोलावलं होतं. परस म्हणजे पुरुषभर उंची, साधारण सहा फूट. विहिरी खोदणारे त्यातच बोलतात. मला भागाकार सुचेना. काकांनीच केला. "सहा परस आन् वर हातभर. मांजऱ्यातून झिरपतंय ते. खाली काळा पाषाण, तिथं कितीबी बोअर मारा, धूळच निघती." माझ्या पुढच्या तीन स्लाइड एवढंच सांगणार होत्या: लाव्हाच्या थराचा माथा सच्छिद्र (काकांचा मांजऱ्या), पोट घट्ट (त्यांचा काळा पाषाण), दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल गेरू. मी त्या भराभर पुढे ढकलल्या. सभागृह हसत होतं, काका नव्हते.

त्या वर्षापासून मॅडमनी नियमच केला. बोलणाऱ्याने ज्या गावात काम केलं, तिथला एक माणूस सोबत आणायचा.

खरा कार्यक्रम पोहे-चहाला रंगायचा. सर याला 'ओळखी वाढवा' म्हणत, आणि आम्ही भिंतीला चिकटून उभे राहत असू. भूजल सर्वेक्षणातले अधिकारी, पाटबंधाऱ्याचे निवृत्त इंजिनिअर आणि एक बोअरमशीनवाले शेठ. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, असं १९९३ चा कायदा सांगायचा. अधिकाऱ्यांनी तो काढला की शेठ हातातली बशी खाली ठेवायचे. "साहेब, मोजायला कोण येतं?" दरवर्षी हेच भांडण, आणि दरवर्षी दोघे शेजारीच बसायचे. माझ्या वर्गातल्या दोघांना पहिलं काम याच घोळक्यात मिळालं. एकाला तर शेठनीच ठेवून घेतलं.

उन्हं उतरली की पाहुण्यांना घेऊन पाणचक्कीवर. डोंगरातून नळांवाटे आणलेलं ते पाणी हौदात पडताना बघून इंजिनिअरसाहेब दरवर्षी तेच म्हणायचे, "पंप नाही, वीज नाही." आम्ही त्यांच्या आधीच म्हणून टाकायचो.

२०१६ चा जलदिन होळीच्या तोंडावर आला. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि दोन-तीन दिवसांपूर्वीच तिथे पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. माझी लातूरची मैत्रीण बोलायला उभी राहिली. आलेख बाजूला ठेवून तिने घरचं सांगितलं: आईने रात्री किती वाजता नंबर लावला, धुण्याचं पाणी कुठे कुठे फिरवलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मामा बटणापाशी उभे होते. त्यांनी दिवे लावले नाहीत.

१२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. मैत्रिणीचा दोनच शब्दांचा मेसेज आला: 'गाडी आली.' दुपारी काकांचा फोन. "किती आणलं म्हणं?"

"दहा डबे, काका. पाच लाख लिटर."

"लिटर नको. हंड्यात सांगा."

या वेळी भागाकार जमला. पंधरा लिटरचा हंडा धरून मी म्हणाले, "तेहेतीस हजारांच्या वर."

तिकडून थोडा वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "आन् लातुरात घरं किती?"