गंज आतून येतो

शुक्रवार

गाडीच्या मागच्या दाराच्या खालच्या कडेला रंगावर फोड आले आहेत. नखाने एक दाबला तर पापुद्रा निघाला आणि खालून तांबूस भुकटी सांडली. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. फोड दिसेपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. त्यामुळे आज रंगाचा डबा उघडायचा नाही, आधी पाणी कुठे साचतंय ते शोधायचं, असं ठरवूनच खाली बसलो.

काचेवरून ओघळणारं पाणी थोडंफार दारात उतरतंच. गाडी बनवणाऱ्यांनी ते गृहीत धरलेलं असतं आणि म्हणूनच दाराच्या तळाशी बारीक भोकं ठेवलेली असतात. या दाराची सगळी भोकं धूळ आणि कुजलेल्या पानांच्या लगद्याने बुजली होती. तारेने मोकळी केली तेव्हा काळं पाणी कितीतरी वेळ ठिबकत राहिलं. बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून ही कड बनवलेली असते आणि त्या दुमडीत शिरलेला ओलावा सहज वाळत नाही. बाहेरून कितीही सुंदर रंग दिला असता तरी काही महिन्यांत फोड पुन्हा त्याच जागी आले असते. जुन्या गाड्यांचं रंगकाम फसतं ते बहुतेकदा इथेच, असं माझं ठाम मत आहे. दार आता उघडं ठेवलंय, आतून पूर्ण वाळू दे.

शनिवार

आज घासणं. त्याआधी धुणं, आणि धुतल्यावर मेण-तेल काढणारं द्रावण लावून पुसणं. हा क्रम उलटा करून चालत नाही. जुन्या पॉलिशमधलं सिलिकॉन आधी पुसलं नाही, तर पॉलिश पेपरने तेच ओरखड्यांत भरलं जातं आणि मग नवा रंग त्या जागी फाटून गोल खड्डे पडतात.

८० नंबरच्या पेपरने गंज चकचकीत पत्र्यापर्यंत उतरवला, नंतर १८० आणि ३२० ने कडा निमुळत्या केल्या. हे काम मला मनापासून आवडतं. वरचा पारदर्शक थर, मग रंग, मग करडा प्रायमर, त्याखाली कारखान्यातला पहिला गंजरोधक थर आणि मग पत्रा, अशी वलयं एकामागून एक उघडत जातात. लेक शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "बाबा, एवढे रंग होते हिच्यावर?" तिला सांगितलं, सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एखाद-दोन पानांएवढी जाडी. तो सर्वांत खालचा थर देताना गाडीचा अख्खा सांगाडा हौदात बुडवून त्यातून वीज सोडतात, त्यामुळे तो सांदीकोपऱ्यांतही पोचतो. घरी ते कुणालाच जमणार नाही. म्हणून मूळ रंग जिथे पत्र्याला घट्ट धरून आहे तिथे, तो कितीही फिका पडलेला असला, तरी मी पेपर लावत नाही. गेला तो थर परत आणता येत नाही.

पत्रा आरपार गेलेला नव्हता, हे समाधान मोठं. भोक पडलं असतं तर नवा पत्रा वेल्डिंग करून घ्यावा लागला असता. भोकावर पुट्टी थापणं हा उपाय नव्हे, ती ओलावा शोषते आणि गंज तिच्याआड वाढत राहतो. बारीक खड्ड्यांत काळे ठिपके उरले होते, त्यांवर फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावलं. ते गंजाचं लोहफॉस्फेट करतं. मग तेही नीट धुऊन-पुसून काढलं, कारण आम्लाचा अंश राहिला तर इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पाणीरोधक थर, पत्र्याला धरत नाही. संध्याकाळी इपॉक्सीचा हात दिला. पाण्याला अडवतो तो हाच. साधा प्रायमर सच्छिद्र असतो, त्याच्या भरवशावर गाडी उघड्यावर ठेवू नये.

रविवार

हवा कोरडी, वारा नाही. दमट हवेत लॅकरवर, म्हणजे झटपट वाळणाऱ्या फवाऱ्याच्या रंगावर, पांढुरकी झाक येते, म्हणून अशा दिवसाचीच वाट पाहत होतो.

रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर सापडला, पण कोड सांगतो तो कारखान्यातून निघालेल्या गाडीचा रंग. आधी एका पुठ्ठ्यावर मारून, वाळवून, उन्हात आणि सावलीत दाराशी धरून पाहिला. किंचित गडद वाटला. म्हणून सीमा दाराच्या मध्यावर न ठेवता बाजूच्या उठावाच्या रेषेवर घेतली, तिथे उजेड मुळातच बदलतो आणि फरक डोळ्यांत भरत नाही. मास्किंग टेपची कडही उलटी दुमडून ठेवली, म्हणजे रंगाला पायरी येत नाही.

पहिला हात अगदी विरळ, पत्रा झाकायची घाई नाही. रंगाचा स्प्रे कॅन २० ते २५ सेंटिमीटरवर, पट्टा पत्र्याबाहेर सुरू करून पत्र्याबाहेरच संपवायचा, पुढचा पट्टा आधीच्यावर निम्मा चढवायचा. दोन हातांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. ओघळ येतो तो थांबण्याचा कंटाळा केल्यामुळेच.

वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, साधा, एकाच घटकाचा वापरला. हार्डनर, म्हणजे थर कडक करणारा दुसरा घटक, मिसळायचा प्रकार जास्त टिकतो, पेट्रोललाही दाद देत नाही, हे खरं. पण त्या हार्डनरमधली आयसोसायनेट नावाची घातक रसायनं साध्या मास्कने अडत नाहीत आणि एकदा शरीराने त्यांचा धसका घेतला की दमा कायमचा मागे लागू शकतो. अख्खं बोनेट करायचं असतं तर मी ते रंगकामाची बंदिस्त खोली (बूथ) असलेल्या कारागिराकडे दिलं असतं. दाराच्या कडेसाठी, घरात लेकरं वावरत असताना, ती जोखीम मी घेणार नाही.

थर वाळेपर्यंत हेडलाइट घेतले. पॉलिकार्बोनेटवरचा संरक्षक लेप उन्हाने पिवळा पडला होता. ८०० पासून ३००० पर्यंत वॉटर पेपर, मग कंपाउंड, म्हणजे चकाकी आणणारी घासण्याची पेस्ट. काच लखलखीत दिसली तरी काम अर्धंच होतं, अतिनील किरण अडवणारा नवा लेप दिला नाही तर पिवळेपणा लवकर परततो. लेप दिला. चाकांच्या लोखंडी रिम्सही रंगवल्या, मात्र हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) टेकणारी बाजू आणि नटांच्या बैठका कोऱ्या ठेवल्या. तिथला रंग दाबाने चेपतो आणि नट सैल पडतात.

पुढचा रविवार

क्लिअर कोट कडक झाला. २००० च्या वॉटर पेपरने अगदी हलक्या हाताने घासून कंपाउंड मारलं, कडांपाशी जवळजवळ नाहीच, कारण थर तिथे सर्वांत पातळ असतो. मग नळी आत घालून दुमडीत पातळ मेण फवारलं. जास्तीचं मेण खालच्या भोकांतून ठिबकलं, म्हणजे वाट मोकळी आहे. भोकं पुन्हा एकदा तारेने तपासली.

तीच तार घेऊन उरलेल्या दारांकडे वळलो. चालकाच्या बाजूचं एक भोक बुजलेलं निघालं, पण पत्रा अजून ठणठणीत आहे. मोकळं करून दार उघडं ठेवलंय. उद्या वाळलं की तिथेही मेण.