भिंतीवरची झावळी

मॉन्स्टेराचं फाटकं पान, एका पायावर उभा फ्लेमिंगो आणि सोनेरी अननस ही तिकडी हल्ली कोकणातल्या होमस्टेंत आणि नव्या बंगल्यांत भिंतीवरच्या चित्रांत सर्रास भेटते. खिडकीबाहेर माड, पोफळी, केळी उभ्याच असतात. मॉन्स्टेरा मूळचा मेक्सिको-पनामाकडचा, पण परका म्हणून त्याला हिणवायला नको. अननसही पोर्तुगिजांच्या काळातच इकडे आला आणि परसात निवांत रुजला. शिवाय अशा जंगलचित्रांचा उस्ताद, फ्रेंच चित्रकार ऑन्री रूसो, जन्मात फ्रान्सबाहेर गेला नाही. पॅरिसच्या जकात खात्यात नोकरी करायची, सुट्टीत तिथल्या वनस्पती उद्यानातली काचघरं बघायची आणि वाघासकट जंगल रंगवायचं! थंड देशात हिरव्याची हौस असणारच. आपली अडचण उलटी आहे.

पडवी आणि उतरतं छप्पर यांमुळे कोकणातल्या घरात मुळात उजेड बेताचा. पावसाळ्यात तर तो झाडांवरून परतून, हिरवट होऊनच आत येतो. अशा उजेडात गडद हिरवं चित्र काळपट दिसतं, बुरशी धरल्यासारखं. म्हणून चित्राची जमीन, म्हणजे पार्श्वभूमी, फिकी आणि रंग उबदार हवेत: जांभ्याचा तांबूस, सुरंगीचा पिवळा, पिकल्या रातांब्याचा गडद लाल. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांत, हे सगळं आयतं मिळतं. पूर्ण संच 120 पानांचा असतो, पण भिंतीला मत्स्य-कूर्माची चार गोल पानं पुरतात. त्यांच्यावर लाखेचा लेप असतो, तेव्हा काच अंगाला टेकवायची नाही.

स्वतः काही करायचं तर पानाचा ठसा हा सगळ्यांत स्वस्त आणि देखणा मार्ग. पहिला मोह अळूचा होतो, आणि तिथेच फसगत होते. अळवावरचं पाणी जसं, तसाच अळवावरचा रंग; थेंब होऊन घरंगळतो. सागाचं किंवा पपईचं पान घ्यावं. सागाचं कोवळं नको, त्याचा लाल रस कागदावर डाग पाडतो. पपईचा चीक निथळू द्यावा. तोडलेलं पान दोन-तीन तास सावलीत मलूल होऊ दिलं की सपाट बसतं. शिरा उठून दिसतात ती खालची बाजू वर करायची आणि पाणी न घालता, दह्याइतका घट्ट अ‍ॅक्रिलिक रंग फोमच्या रोलरने पातळ फिरवायचा. सागाच्या मोठ्या पानाला दोन चमचे रंग बास. जास्त झाला की शिरांमधल्या खाचा बुजतात आणि उमटतो तो नुसता ठिपका. मग पान जाड कागदावर पालथं घालून वर वर्तमानपत्र ठेवायचं आणि मधल्या शिरेपासून कडेकडे तळव्याने दाबत जायचं. लाटणं फिरवलं तर पान सरकतं, कडा दुहेरी येतात. पहिला ठसा बहुधा चिकट, भरकटलेला येतो. पुन्हा रंग न लावता त्याच पानाचा दुसरा घ्यावा. शिरांची जाळी त्यात उतरते.

वॉलपेपरच्या वाटेला जाऊच नये. भिंतीतला जांभ्याचा चिरा ओल धरतो, प्लास्टिकचा कागद ती कोंडून ठेवतो आणि मागच्या खळीवर बुरशी माजते.

फ्रेमची जागा घराच्या आतल्या भिंतीवर. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींवर झड येते. काच आणि चित्र यांत माउंटबोर्डाची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, दोनेक मिलिमीटर फट हवी, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना फाटतो. पाठीला एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) लावलं तर ते फुगतं. सनबोर्ड (प्लास्टिकचा हलका फोमबोर्ड) लावून कडेच्या फटी टेपने बंद कराव्यात, म्हणजे कसरीलाही वाट राहत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना सेंटिमीटरभर जाडीची रबरी बटणं चिकटवली की मागून हवा खेळते. खिळा लोखंडी नको, खाऱ्या वाऱ्याने गंजून भिंतीवर ओघळ उतरतो. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू घ्यावा. चिऱ्यात ड्रिल करताना मशीनचा ठोके देणारा हॅमर मोड बंद ठेवावा, नाहीतर भोक भुसभुशीत होऊन प्लग फिरत बसतो.

कॅनव्हासचं तंत्र वेगळं. श्रावणात तो ढिला पडून मधे पोट येतं आणि हात शिवशिवतात मागच्या पाचरी, म्हणजे चौकटीच्या कोपऱ्यांतले कापड ताणणारे लाकडी तुकडे, ठोकायला. त्या तेव्हा ठोकू नयेत. हवा कोरडी झाली की कापड आपोआप ताणलं जातं, आणि आधीच ठोकलेल्या पाचरींमुळे कोपऱ्यातला रंग तडकतो. दिवाळीनंतरही पोट तसंच राहिलं, तरच हातोडी काढावी.