मीटरमधली 142

रात्री दोनला मुलीला आत आणलं तेव्हा ट्रॉलीच्या आधी तिचा श्वासच ऐकू आला. खोल, भराभर, लोहाराच्या भात्यासारखा. तोंडाला उतरलेल्या फळाचा वास. बावीस वर्षं वॉर्डात काढल्यावर त्या वासाला रिपोर्ट लागत नाही. मीटरवर आकडाच आला नाही, नुसतं ‘हाय’. म्हणजे साखर 600 च्या वर. वय 14, वजन 36 किलो, टाइप वन मधुमेह, चार वर्षांपासून इन्सुलिनवर.

“शेवटची सुई कधी दिली?”

आई माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे बघत म्हणाली, “शनिवारी रात्री. सिस्टर, तुम्ही आपल्यातल्याच ना? रविवारी चंगाई सभेत देवानं तिला बरं केलंय.”

आता बुधवार लागला होता.

आमचा रेसिडेंट डॉक्टर दारातच आईवर ओरडला. बोलला ते खरंच होतं, पण तोवर त्याला दुसरी नस सापडलेली नव्हती. ती मी शोधून दिली.

अशा मुलांना आल्याआल्या इन्सुलिन देत नाहीत. आधी तासभर सलाईन, पोटॅशियम किती ते बघायचं, मग पंप. 50 मिलीच्या सिरिंजमध्ये 50 युनिट, म्हणजे मिलीला एक. हिच्या वजनाला ताशी 3.6. नळी आधी त्याच द्रावणानं धुऊन घ्यायची, कारण इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतं. न धुता लावली तर सुरुवातीचं औषध नळीच पिऊन टाकते. नव्या मुली हे हमखास विसरतात. मग दर तासाला साखर, आणि दर तासाला तिला हलवून नाव विचारायचं, डोकं दुखतंय का विचारायचं. लहानांच्या मेंदूला सूज येते, तिची धास्ती. मी नळी धुताना प्रार्थना करते. हे रेसिडेंटला कधी सांगितलेलं नाही.

पहाटे त्यांच्या मंडळीचे म्हातारे पाळकसाहेब आले. खिशात तेलाची बाटली. आधी मला विचारलं, “ऑक्सिजन चालू आहे, तेल चालेल का?” नको म्हटलं. बाटली परत खिशात घालून त्यांनी मुलीच्या पावलांवर हात ठेवला आणि मिनिटभर प्रार्थना केली, त्यात पंपाचंही नाव घेतलं.

आई रडत म्हणाली, “माझाच विश्वास कमी पडला.”

“बायबलात याकोबाच्या पत्रात आजाऱ्यानं फक्त मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलवायचं असतं,” ते म्हणाले. “विश्वासानं प्रार्थना त्या वडीलधाऱ्यांनी करायची. कमी पडला असेल तर आमचा पडला. आणि हिज्कीया राजाला देवानं बरं करतो म्हणून सांगितलं, तरी यशयानं गळवावर अंजिरं बांधायला लावलीच ना?”

सभा घेणाऱ्यांपैकी कुणी फिरकलं नाही. त्यांचा मंडप तोवर दुसऱ्या तालुक्यात गेला असावा.

दुपारपर्यंत श्वास संथ झाला, पोरगी पाणी मागायला लागली. तेव्हा आईनं पर्समधून घरचं मीटर काढलं. रविवार, दुपारी चार: 142. “हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, सिस्टर. हाच आकडा सांगून स्टेजवर साक्ष दिली. ही साखर कुणी उतरवली?”

मला उत्तर माहीत होतं. शनिवारी रात्री दहाला दिलेलं लांब पल्ल्याचं इन्सुलिन जवळपास चोवीस तास चालतं, आणि सभेसाठी पोरीला सकाळपासून उपास होता. मी म्हटलं, “शनिवारच्या सुईनं.”

तिचा चेहरा असा पडला, की तेवढं बोलून थांबायला नको होतं असं मला अजून वाटतं. 1922 च्या जानेवारीत टोरोंटोत ज्याला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं तो मुलगाही साधारण हिच्याच वयाचा होता. त्याआधी अशा पोरांना उपाशी ठेवून दिवस ढकलायचे, एवढाच इलाज होता. हे सांगायला हवं होतं. ती सुई कुठून आली याचे आभार मी रोज मानते, हेही सांगायला हवं होतं. पण समोर चार्ट होता आणि बारा नंबरचा पेशंट बेल वाजवत होता.

डिस्चार्जच्या दिवशी तिनं गीतपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर डोसच्या वेळा लिहून घेतल्या. मग हळूच विचारलं, “साक्ष मागं घेता येते का?”

“ते पाळकसाहेबांना विचारा, ताई.”

“आणि ही 142? पुसता येईल?”

एकच आकडा पुसता येत नाही, मी बटणं दाबून दाखवलं. 500 तपासण्या भरल्या की जुना आपोआप निघून जातो. दिवसाला चार, म्हणजे चार महिन्यांवर थोडे दिवस. ती बोटांवर महिने मोजायला लागली.