साथीतलं नैराश्य: आधी कृती, मग हुरूप

कोविडच्या साथीमुळे २५ मार्च २०२० ला टाळेबंदी सुरू झाली आणि लोकल गाठणं, डबा भरणं, ऑफिसातला चहा, संध्याकाळची भाजी, ही दिवसाला टेकू देणारी कामं एका रात्रीत गेली. खरं नुकसान तिथे झालं. नैराश्यात माणूस आधीच हात आखडून बसतो. जितकं कमी करतो तितकं मन खचतं, आणि खचलं की आणखी कमी करतो. साथीने या चक्राला बाहेरूनच गती दिली. पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं.

म्हणून उपायही तिथूनच सुरू करावा. 'बिहेवियरल ॲक्टिवेशन' ही उपचारपद्धती सांगते की मन लागण्याची वाट बघू नका, कृती आधी करा. कोंडलेल्या घरातही ती जमते.

पहिले तीन-चार दिवस काहीही बदलू नका. वहीत तासातासाला काय केलं आणि मन कसं होतं, ० ते १० मध्ये, एवढंच लिहा. 'दिवसभर सारखंच वाईट वाटतं' असं वाटत असलं तरी नोंदीत आंघोळीनंतर ४, बातम्यांनंतर १ असे फरक दिसू लागतात. मग रोज दोनच गोष्टी ठरवा: एक काम हातावेगळं केल्याचं समाधान देणारी, दुसरी पूर्वी आवडायची ती. वेळ आणि जागाही लिहा. 'कपाट आवरायचं' असं नको. 'साडेदहाला वरचा एक कप्पा, १० मिनिटं' असं हवं. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच. पहिल्याच दिवशी योगासनं, तासभर चालणं, नवा कोर्स असं सगळं अंगावर घेतात, दोन दिवसांत ते सुटतं आणि 'माझ्याच्याने काही होत नाही' याला पुरावा मिळतो. जमलं नाही तर काम निम्मं करा, पण सोडू नका. आवडीच्या गोष्टीत सुरुवातीला गोडी वाटणार नाही. तो आजाराचाच भाग आहे, उपाय फसल्याची खूण नाही.

झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. ती रविवारीही तीच ठेवा. उठल्यावर तासाभरात २०-३० मिनिटं गच्चीत, गॅलरीत किंवा खिडकीशी उजेडात बसा. २० मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरूण सोडा आणि डोळे मिटू लागल्यावरच परत या. बातम्या दिवसातून दोनदा, १५-१५ मिनिटं, रात्री नकोत.

नुकताच कोविड होऊन गेलेल्यांनी एक काळजी घ्यावी. श्रमानंतर दुसऱ्या दिवशी गळून जायला होत असेल तर हालचाल वाढवू नका, कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घेणं रास्त, कारण त्यांच्या बिघाडातूनही उदासी आणि थकवा येतो. स्टेरॉइडमुळेही मन बिघडू शकतं. पण डॉक्टरांना न विचारता ती अचानक बंद करू नयेत.

दोन आठवड्यांहून जास्त उदासी किंवा निरसपणा, झोप-भूक बिघडलेली आणि रोजची कामं अडलेली असतील तर मनोविकारतज्ज्ञांकडे जावंच. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला सहसा दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थपणा मात्र पहिल्याच आठवड्यात येतो, आणि नेमक्या त्याच वेळी अनेकजण गोळी सोडतात. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावं लागतं. एकदम थांबवलं तर चक्कर, चिडचिड, विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं असा त्रास होऊ शकतो. संचारबंदीची कुणकुण लागली की महिनाभराचा साठा आधीच आणून ठेवावा.

घरच्यांनी 'मन घट्ट कर' म्हणू नये. 'चल, दोघं मिळून भाजी निवडू' याचा उपयोग होतो. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशकं कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे असावी, गोळ्या घरच्यांनी सांभाळाव्यात. उत्तर 'हो' आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, लगेच रुग्णालयात न्या.

२०२२ पासून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनची १४४१६ ही मोफत सेवा २४ तास, मराठीतही मिळते. एका खोलीत पाच-सहा माणसं असतील तर जिन्यात किंवा गच्चीवर जाऊन बोला. तेही शक्य नसेल तर 'मी फक्त हो-नाही म्हणू शकते' किंवा 'शकतो' असं सुरुवातीलाच सांगा.